रिलिजस स्टडीजच्या पीएचडीला अर्ज: आधी प्रश्न, मग विद्यापीठ

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: तत्त्वज्ञानात एमए झालं आहे, त्यानंतर काही वर्षं नोकरी केली, रोज ध्यान करतो, आणि आता अमेरिकेत रिलिजस स्टडीजमध्ये ‘बौद्ध धर्मातील करुणा’ या विषयावर पीएचडी करायची आहे. थेट पीएचडीला अर्ज करावा की आधी तिथलं मास्टर्स? जीआरई (तिथल्या प्रवेशासाठीची सामाईक परीक्षा) लागते का? प्राध्यापकांना आधी लिहावं का? पैशांचं काय? आणि स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे काय आणि का शिकायचं आहे हे सांगणाऱ्या अर्जातल्या निवेदनात, स्वतःच्या साधनेबद्दल लिहावं का?

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सुटला की बाकीचे सोपे होतात. मी याच विषयात अमेरिकेत पीएचडी केली, तिथेच शिकवते, आणि हिवाळ्यात प्रवेश समितीसाठी अर्ज वाचते. त्यातले बरेच अर्ज एकाच वाक्याच्या निरनिराळ्या रूपांनी सुरू होतात: मला लहानपणापासून धर्माबद्दल कुतूहल आहे. असेल. पण ज्याला कुतूहल नाही तो या वाटेला येतच नाही, त्यामुळे त्या वाक्यातून समितीला तुमच्याबद्दल काहीही कळत नाही.

अमेरिकेत हा विषय आजच्या रूपात वाढला त्यामागे एक कोर्टाचा निकाल आहे. १९६३ साली अ‍ॅबिंग्टन विरुद्ध शेम्प या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांमधलं उपासना म्हणून होणारं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. त्याच निकालात हेही नोंदवलं की बायबलचा किंवा धर्माचा अभ्यास वस्तुनिष्ठपणे, शिक्षणाचा भाग म्हणून करायला घटनेची आडकाठी नाही. पुढच्या वर्षांत सरकारी विद्यापीठांमध्ये या विषयाचे विभाग भराभर निघाले. धर्म शिकवणं वेगळं आणि धर्माविषयी शिकवणं वेगळं, हा फरक या विभागांच्या पायातच आहे. समितीतले काही जण स्वतः एखाद्या परंपरेत मुरलेले असतात, काहींचा कशावरच विश्वास नसतो, आणि वर्षानुवर्षं शेजारच्या खोल्यांत बसूनही आम्ही एकमेकांना ते विचारत नाही. तुम्हालाही कोणी विचारणार नाही.

म्हणून साधना लपवू नका आणि मिरवूही नका. ध्यानामुळे मनाला किती शांती मिळाली, याचा समितीला उपयोग नाही. ध्यान करता करता तुम्हाला एखादी गोष्ट खटकली असेल, ग्रंथात एक आणि शिबिरात दुसरंच सांगतात असं दिसलं असेल, तर ते एका-दोन वाक्यांत लिहा. तिथून अभ्यासाचा प्रश्न निघतो. एक इशारा मात्र देते. ‘बौद्ध धर्म हा धर्म नाहीच, ते मनाचं विज्ञान आहे’ असलं वाक्य अर्जात टाकू नका. हे म्हणणं १९व्या शतकात कोणी, कोणत्या दबावाखाली आणि कोणाला उत्तर म्हणून सुरू केलं, यावर अभ्यासकांनी भरपूर लिहिलं आहे. ते माहीत नसलेला अर्जदार पहिल्याच पानावर उघडा पडतो.

आता विषय. ‘बौद्ध धर्मातील करुणा’ एवढ्यावर पीएचडी होत नाही. कुठली, कोणत्या शतकातली, कोणत्या ग्रंथांतली, कोणी कोणावर केलेली? तुमच्या विषयातूनच एक उदाहरण घेते, म्हणजे ‘विषय नेमका करा’ हा सगळे देतात तो सल्ला प्रत्यक्षात कसा पाळायचा ते दिसेल.

पालि विनयपिटक म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमांचा संग्रह. त्यातल्या महावग्ग या भागात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्षू स्वतःच्याच घाणीत पडलेला बुद्धांना दिसतो. बाकीचे भिक्षू त्याच्याकडे फिरकत नाहीत, कारण तो कोणाच्या काही उपयोगी पडलेला नाही. बुद्ध आपल्या शिष्याला, आनंदाला, पाणी आणायला सांगतात, दोघं मिळून त्याला धुतात, उचलून मंचावर निजवतात, आणि मग भिक्षूंना सांगतात की ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी. करुणेवर बोलणारे बहुतेक लोक इथे थांबतात. ग्रंथ थांबत नाही. कोणत्या रुग्णाची शुश्रूषा अवघड आणि कोणाची सोपी, शुश्रूषेला लायक कोण आणि नालायक कोण, याच्या याद्या लगेच पुढे येतात. त्याच्यापुढे नियम येतो: आजारी भिक्षू वारला तर त्याच्या चीवरांचा (भिक्षूच्या वस्त्रांचा) आणि भिक्षापात्राचा मालक संघ, पण सेवा करणाऱ्यांचे उपकार मोठे असतात, म्हणून संघाने ती त्यांना द्यावीत.

म्हणजे ज्या पानावर करुणा आहे त्याच पानावर वारसाहक्काचा कायदा आहे. हे लक्षात आलं की खरे प्रश्न सुचू लागतात. सेवेला मोबदला जोडावा असं नियम करणाऱ्यांना का वाटलं? रुग्ण जिवंत असताना केलेली सेवा आणि त्याच्या वस्तूंवरचा डोळा, यांची गल्लत होईल ही धास्ती ग्रंथात कुठे दिसते का? दुसऱ्या परंपरांच्या विनयांमध्ये हाच प्रसंग कसा सांगितला आहे, आणि वाटणी तशीच आहे का? ‘मला करुणेवर काम करायचं आहे’ आणि ‘विनयग्रंथांत रुग्णसेवा आणि मृत भिक्षूची मालमत्ता यांचा संबंध कसा बांधला आहे हे मला तपासायचं आहे’, या दोन वाक्यांत अर्ज नाकारला जाणं आणि तो समितीच्या टेबलावर दुसऱ्यांदा उघडला जाणं एवढं अंतर आहे. हा विषय तुम्ही घ्यावा असं माझं म्हणणं नाही. पुढे प्रबंधाचा विषय बदलतोच, जवळजवळ सगळ्यांचा बदलतो, आणि समितीलाही ते माहीत असतं. तुम्हाला प्रश्न रचता येतो की नाही एवढंच आम्ही पाहत असतो.

आणि असा प्रश्न रचला की भाषांचा मुद्दा आपोआप पुढे येतो. इथेच बहुतेकांचे अर्ज अडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पूर्ण स्वरूपात सहा परंपरांचे विनय आज उपलब्ध आहेत. एक पालित. चार मुख्यतः चिनी भाषांतरांत. सहावा, मूलसर्वास्तिवादी या बौद्ध पंथाचा, तिबेटी भाषांतरात सबंध, चिनीत बराचसा, आणि १९३१ मध्ये गिलगिटला सापडलेल्या हस्तलिखितांमुळे संस्कृतातही मोठ्या भागांत. म्हणजे वरचा प्रश्न गांभीर्याने विचारायचा तर पालि आणि संस्कृत हवीच, शिवाय तिबेटी किंवा अभिजात चिनी यांपैकी एक. यावर लिहिलेलं आधुनिक संशोधन वाचायला फ्रेंच, जर्मन किंवा जपानी. बौद्ध अभ्यासात जपानी विद्वानांचं काम इतकं आहे की ती टाळून फार पुढे जाता येत नाही. बहुतेक विभागांत आधुनिक संशोधनभाषांच्या वाचनपरीक्षा पीएचडीच्या पहिल्या काही वर्षांत द्याव्या लागतात, त्यामुळे अर्जाच्या वेळी त्या सगळ्या आल्याच पाहिजेत असं नाही. मूळ ग्रंथांची एक भाषा मात्र पक्की हवी आणि दुसरी सुरू झालेली हवी.

पक्की म्हणजे शाळेत शंभर गुणांची घेतलेली संस्कृत नव्हे. कोश आणि व्याकरण शेजारी ठेवून न शिकवलेला उतारा स्वतः लावता येणं, ही किमान पातळी. अर्जात ‘संस्कृतचं ज्ञान’ असं मोघम लिहू नका. किती वर्षं, कोणाकडे, कोणते ग्रंथ मुळातून वाचले, ते लिहा. प्रमाणपत्रापेक्षा ‘महावग्गाचा आठवा खंधक (अध्याय) पालित वाचला आहे’ हे वाक्य आम्हाला जास्त सांगून जातं. (आणि खोटं लिहू नका. मुलाखतीत उतारा समोर ठेवणारे प्राध्यापक असतात.) समाजशास्त्रीय अंगाने आजच्या बौद्ध समूहांवर काम करणार असाल तर ग्रंथभाषांचा भार हलका होतो, पण मग त्या समूहाची बोलभाषा आणि क्षेत्रकार्याची तयारी दाखवावी लागते. भाषेतून सुटका कुठल्याच वाटेने नाही.

थेट पीएचडी की मास्टर्स, हे उत्तरही इथेच मिळतं. तत्त्वज्ञानाचं एमए आहे पण मूळ ग्रंथांची भाषा कच्ची आहे आणि धर्माच्या अभ्यासातले वाद फारसे वाचलेले नाहीत, अशी तुमची स्थिती असेल तर आधी दोन वर्षांचं मास्टर्स करणारे तुमच्यासारखे पुष्कळ असतात, आणि त्यात कमीपणा नाही. भाषा तयार असेल तर थेट पीएचडीला अर्ज करा. अमेरिकेत त्याला तिथलं मास्टर्स सहसा बंधनकारक नसतं.

मास्टर्स कुठलं, हे मात्र डोळे उघडे ठेवून निवडा, कारण नावं फसवतात. कला आणि विज्ञान शाखेतला धर्माचा विभाग ही एक संस्था, आणि डिव्हिनिटी स्कूल ही दुसरी. डिव्हिनिटी स्कूल मुळात ख्रिस्ती धर्मोपदेशक घडवण्यासाठी निघाली, आणि त्यासाठीची तीन वर्षांची एमडिव्ह (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) पदवी आजही तिथे आहे. ती तुमच्यासाठी नाही. पण त्याच इमारतीत दोन वर्षांची शैक्षणिक पदवीही असते: हार्वर्डमध्ये तिला एमटीएस (मास्टर ऑफ थिऑलॉजिकल स्टडीज) म्हणतात, येलच्या डिव्हिनिटी स्कूलमध्ये एमएआर (मास्टर ऑफ आर्ट्स इन रिलिजन), शिकागोत एमए. बौद्ध अभ्यासाचे, इस्लामचे, हिंदू परंपरांचे विद्यार्थी या पदव्या घेतात आणि तिथून पीएचडीकडे जातात. ‘थिऑलॉजिकल’ हा शब्द पाहून बिचकू नका. पीएचडीची व्यवस्था पुन्हा वेगळी. शिकागोत डिव्हिनिटी स्कूल स्वतः पीएचडी देतं. हार्वर्डमध्ये ती कला आणि विज्ञान शाखेच्या ग्रॅज्युएट स्कूलमार्फत मिळते आणि तिचा अर्जही वेगळा असतो. येलमध्ये पीएचडीसाठी रिलिजस स्टडीजचा विभाग, डिव्हिनिटी स्कूल नव्हे. प्रिन्स्टनमध्ये डिव्हिनिटी स्कूलच नाही, धर्माचा विभाग आहे आणि तो पीएचडीसाठीच विद्यार्थी घेतो. (प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरी त्याच गावात आहे, पण ती विद्यापीठाचा भाग नाही. दोन्हींची गल्लत झालेले अर्ज पाहण्यात आले आहेत.)

शिवाय तुमचा विषय धर्माच्या विभागातच असेल असंही नाही. बर्कलीत बौद्ध अभ्यासाचा स्वतंत्र गट पीएचडी देतो. मिशिगनमध्ये हे काम आशियाई भाषा आणि संस्कृती विभागात चालतं. शिकागोत दक्षिण आशियाई भाषा आणि संस्कृतींचा वेगळा विभाग आहे. फक्त ‘रिलिजस स्टडीज’ शोधत बसलात तर योग्य माणूस शेजारच्या विभागात बसलेला असेल आणि तुम्हाला दिसणार नाही.

तो माणूस शोधण्याची खात्रीची वाट म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ रिलिजन या अभ्यासकांच्या संघटनेच्या वार्षिक अधिवेशनाचा कार्यक्रम चाळणं. सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरबरोबर दर नोव्हेंबरमध्ये हे अधिवेशन भरतं आणि त्याचा कार्यक्रम इंटरनेटवर असतो. तुमच्या विषयाशी लागून असलेले निबंध कोण वाचतंय, त्यांचे विद्यार्थी कुठले, कोणत्या परिसंवादात तीच तीच माणसं भेटतात, हे दोन संध्याकाळी बसलात तर कळतं. क्रमवारीच्या याद्यांपेक्षा हे कितीतरी उपयोगी. ज्या विद्यापीठात तुमच्या विषयाचा मार्गदर्शक नाही तिथे नाव कितीही मोठं असलं तरी अर्ज करू नका. तुम्ही उत्तम असलात तरी तुम्हाला घेणार कोण? आणि एकच मार्गदर्शक असेल तर त्यांची निवृत्ती जवळ आली आहे का, तेही पाहा.

प्राध्यापकांना आधी लिहावं का? हो, पीएचडीसाठी लिहावं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. सात-आठ ओळी पुरतात: तुम्ही कोण, प्रश्न काय, भाषा कोणत्या, त्यांच्या कोणत्या कामाशी तो लागतो, आणि येत्या वर्षी ते नवीन विद्यार्थी घेणार आहेत का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ते रजेवर असतील, किंवा त्यांच्याकडे आधीच पुरेसे विद्यार्थी असतील, तर अर्जाचे पैसे वाचतील. सुरुवातीला ‘प्रोफेसर’ आणि आडनाव एवढं पुरे. आदरणीय, परमपूज्य वगैरे नको. सोबत बायोडेटा चालेल, तीस पानांचा शोधनिबंध नको. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा आणि सोडून द्या. उत्तर न येणं म्हणजे नकार नव्हे, आणि गोड उत्तर येणं म्हणजे प्रवेशही नव्हे.

स्टेटमेंट ऑफ पर्पज दोन पानांच्या आसपास असतं. पहिल्या परिच्छेदात प्रश्न. मग तिथवर कसे आलात: काय वाचलं, एमएचा प्रबंध कशावर होता, त्यात काय अपुरं राहिलं. मग हा प्रश्न आजवर कोणी कसा हाताळला आहे आणि तुम्हाला त्यात कुठे शिरायचं आहे. शेवटी याच विभागात का. या शेवटच्या भागात तीन प्राध्यापकांची नावं ओळीने लिहून ‘यांच्या मार्गदर्शनाखाली काम करायला आवडेल’ असं लिहिण्याची पद्धत पडली आहे. ती सगळ्यांनाच ओळखू येते. कोणाच्या कोणत्या मांडणीशी तुमचा प्रश्न जुळतो किंवा भांडतो, ते एका वाक्यात सांगा. बुद्धवचनाने सुरुवात करू नका. थोर पुरुषांच्या अवतरणांनी कोणाचाच अर्ज तरलेला मी पाहिला नाही, आणि त्यातली अर्धी अवतरणं त्या थोर पुरुषांची नसतातच.

रायटिंग सॅम्पलकडे, म्हणजे अर्जासोबत जोडायच्या स्वतःच्या लेखनाच्या नमुन्याकडे, अर्जदार सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि मी स्वतः ते सगळ्यात आधी उघडते. साधारण पंधरा ते पंचवीस पानं मागतात. एमएच्या प्रबंधातलं एक प्रकरण कापून जसंच्या तसं जोडू नका. ते स्वतःच्या पायावर उभं राहील असं पुन्हा लिहा. त्यात एखादा मूळ उतारा, तुम्ही स्वतः केलेलं त्याचं भाषांतर, आणि त्यावरून काढलेला एक निष्कर्ष असला पाहिजे. अद्वैत वेदान्तावरचा निबंध असला तरी चालेल, तुमच्या प्रस्तावित विषयावरच हवा असं नाही. पण ‘अमुक म्हणतो, तमुक म्हणतो’ अशी पंचवीस पानं असतील तर तुम्ही वाचलंय एवढंच कळतं, तुम्हाला काय दिसलं ते नाही.

शिफारसपत्रं तीन. इथे एक अडचण आहे. ‘विद्यार्थी हुशार, मेहनती आणि चारित्र्यवान आहे’ असं पत्र आमच्याकडे येतं तेव्हा ते न आल्यासारखंच असतं. सरांना किंवा बाईंना तुमचं भलंच करायचं असतं, पण तिथे काय अपेक्षित आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून निदान दोन महिने आधी त्यांना भेटा. तुमचा जुना निबंध, स्टेटमेंटचा कच्चा खर्डा आणि त्यांच्या तासाला तुम्ही काय केलं होतं याची अर्ध्या पानाची टिपणं द्या. ‘याला उतारा लावताना मी पाहिलं आहे’ असं लिहू शकणारे भाषेचे गुरुजी, नावापुढे पदवी नसली तरी, कुलगुरूंच्या पत्रापेक्षा जास्त कामाचे. कार्यालयातल्या वरिष्ठांचं पत्र टाळता आलं तर टाळा. आणि पत्र तुम्हीच लिहून आणा असं कोणी म्हणालं, तर दुसरा माणूस शोधा. तीन पत्रं एकाच हाताची असली की वाचताना लगेच समजतं.

जीआरई बहुतेक ठिकाणी आता मागत नाहीत किंवा ऐच्छिक आहे. प्रत्येक विभागाच्या पानावर पाहून घ्या. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते की माध्यमामुळे सूट मिळते, तेही तिथेच कळेल. अर्जाचं शुल्क साधारण ७५ ते १२५ डॉलर असतं, त्यामुळे आठ-दहा ठिकाणी अर्ज करायचे म्हणजे रक्कम मोठी होते. फी वेव्हर, म्हणजे शुल्कमाफी, मागा. मागितल्याने अर्जावर डाग पडत नाही, समितीला ते दिसतही नाही. अंतिम तारखा डिसेंबर ते जानेवारीच्या सुरुवातीला.

पैशांबाबत माझं मत ठाम आहे. पीएचडीचा प्रवेश म्हणजे ट्यूशन माफ, आरोग्य विमा आणि निदान पाच वर्षं स्टायपेंड, म्हणजे विद्यावेतन. श्रीमंत खासगी विद्यापीठांत हा स्टायपेंड वर्षाला ४० हजार डॉलरच्या वर असतो, सरकारी विद्यापीठांत बराच कमी आणि शिकवण्याच्या कामाला बांधलेला. निधीशिवाय पीएचडीचा प्रवेश देऊ केला तर तो नकार समजा. मास्टर्सला पूर्ण मदत क्वचित मिळते. काही डिव्हिनिटी स्कूलं ट्यूशनचा मोठा भाग उचलतात, पण राहण्या-जेवणाचा खर्च उरतोच. या विषयाच्या मास्टर्ससाठी मोठं कर्ज काढू नका. फेडायचं कशातून? प्राध्यापकीच्या कायम जागा २००८ च्या मंदीनंतर आटल्या त्या पूर्वपदावर आल्या नाहीत, आणि पीएचडीला सहा-सात वर्षं सहज लागतात. अलीकडे प्रवेशच आकसले आहेत: बोस्टन विद्यापीठाने २०२४ च्या नोव्हेंबरात मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांतल्या बारा विषयांचे पुढच्या वर्षीचे पीएचडी प्रवेश थांबवले, त्यात धर्म हाही विषय होता. म्हणून अर्जापूर्वी विभाग यंदा प्रवेश देतोय का, हे विचारून घ्या. ब्रिटनमध्ये डॉक्टरेट तीन-चार वर्षांत होते, पण तिथे मास्टर्स आणि तयार प्रस्ताव आधीच लागतो आणि निधी बहुधा वेगळा मिळवावा लागतो.

निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये कळू लागतात. निधीसह प्रवेश मिळाला तर उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेली विद्यापीठं त्याआधी होकारासाठी तुम्हाला बांधू शकत नाहीत, तेव्हा घाई करू नका. त्या दिवसांत प्राध्यापकांपेक्षा तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला, आणि जमलं तर एकेकट्याशी. उन्हाळ्यात स्टायपेंड येतो का, सहाव्या वर्षी काय होतं, आठवड्याला किती तास शिकवावं लागतं, मार्गदर्शक प्रकरण वाचून किती दिवसांत परत देतात, आणि गेल्या काही वर्षांत इथून बाहेर पडलेले आज कुठे आहेत, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला विभाग स्वतःहून यादी देत नसेल तर ती मागून घ्या.